अंगठा आणि सही

मराठी शिकवणाऱ्या माणसाला एक खोड लागते. कोणताही शब्द कानावर पडला की त्याचे कूळमूळ शोधायचे. माझ्या घरची मंडळी या खोडीला विटली आहेत. विद्यार्थी बिचारे हजेरीच्या धाकाने ऐकून घेतात.

'गिरमिट' हा असाच एक शब्द. वर्गात अर्थ विचारला, तर सुताराच्या घरचा एखादा मुलगा चटकन सांगतो, "लाकडाला भोक पाडायचं हत्यार." मागच्या बाकावरचा वात्रट पुस्ती जोडतो, "डोक्यालाही लावतात, सर!" दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण. पण तिसरा अर्थ सहसा कोणी सांगत नाही. भोजपुरी मुलखातून मॉरिशस, नाताळ, त्रिनिदाद, फिजी अशा दूरदूरच्या मळ्यांवर जे मजूर गेले, त्यांनी ज्या कागदावर अंगठा उठवला त्याचे नाव इंग्रजीत 'अ‍ॅग्रीमेंट'. ते जिभेवर घोळता घोळता 'गिरमिट' झाले आणि तो कागद करणारा माणूस 'गिरमिटिया'. सुताराचे गिरमिट इंग्रजी 'गिमलेट'वरून आले, मजुराचे 'अ‍ॅग्रीमेंट'वरून. दोघांचे कूळ निराळे, पण गुण एकच. फिरत फिरत हळूच आत शिरायचे आणि आत शिरल्यावर सहजी बाहेर यायचे नाही!

ही शब्दांची गंमत मी गेली कित्येक वर्षे सांगत आलो. ती इतिहासातली आहे, असे मीही धरून चाललो होतो. अलीकडे मात्र तळेगावात राहून असे वाटते की या शब्दाची गाठ आपल्या दाराशीच पडते आहे.

आमचे तळेगाव दाभाडे जुने गाव. सेनापती दाभाड्यांचे म्हणून इतिहासाला ठाऊक, आणि चांगल्या हवेचे म्हणून मुंबई-पुण्याच्या प्रकृतिवंतांना. पेन्शनीत निघालेल्या माणसाने इथे बंगली बांधावी, सकाळी तळ्यावर फिरून यावे, असा त्याचा लौकिक. आता बाजूला आंबी, नवलाख उंबरे, बधलवाडीपर्यंत औद्योगिक वसाहत पसरली. पलीकडे चाकण, खाली पिंपरी-चिंचवड. सकाळी तळ्यावरच्या फिरणाऱ्यांपेक्षा रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्याच जास्त. आणि हल्ली त्या बसथांब्यांच्या खांबांवर नवीन पाट्या दिसू लागल्या आहेत. 'जर्मन शिका', 'जपानी शिका', 'आखातात नोकरी, राहणे-जेवण मोफत'. खाली फक्त मोबाइलचा नंबर. गाव नाही, नाव नाही.

कारखाने दाराशी असताना आमच्या पोरांनी समुद्रापलीकडे का पाहावे, असे एखादा विचारील. त्याचे उत्तर इथल्या चहाच्या टपरीवर मिळते. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ साली सुरू झाला आणि डिसेंबर २०२०मध्ये तिथले मोटारींचे उत्पादन थांबले. हजारावर कामगारांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला आणि कोर्टकचेऱ्यांत गेला. पुढे २०२३मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला. जागा पुन्हा नांदती झाली. पण बारा वर्षांत कारखाना येतो नि जातो हे ज्या पोराने डोळ्यांनी पाहिले, त्याला 'कायम नोकरी' हा शब्द सत्ययुगातला वाटला तर त्याला काय बोल लावायचा? त्याच्या वाट्याला ठेकेदाराची सात-अकरा महिन्यांची चिठ्ठी येते. मग सात महिने चाकणला राबायचे की दोन वर्षे दुबईला, एवढाच त्याच्यापुढचा हिशेब उरतो.

आणि या हिशेबात मी कुठे येतो? तर कागद वाचण्यापुरता. मावळातल्या गावांत अजून एक भाबडी समजूत आहे की कॉलेजातल्या मराठीच्या सरांना सगळे कागद कळतात. सातबारा, विम्याची पॉलिसी, कोर्टाची नोटीस आणि आता परदेशचा करारनामा. मला जर्मन येत नाही, अरबीतले एक अक्षर ओळखत नाही. पण कागद कोणत्याही भाषेत असला तरी वाचताना प्रश्न तेच विचारायचे असतात, हे मात्र मी अनुभवाने शिकलो आहे.

गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी वडिलांना घेऊन घरी आला. पोरगा बी. ए. झालेला, ठेक्यावर दोन-तीन कंपन्यांचे पाणी प्यालेला. पुण्यातल्या कोण्या कचेरीने त्याला आखातात 'स्टोअरकीपर'ची नोकरी देऊ केली होती. खर्च दोन लाख. त्यातले पंचवीस हजार आधीच दिलेले, उरलेले आठ दिवसांत द्यायचे. वडील म्हणाले, "सर, तुम्ही एकदा वाचा नि सांगा. मला काय त्यातलं कळत न्हाई. रानाचा एक तुकडा गहाण ठेवायचा इचार हाये."

कागद इंग्रजीत होता. पहिल्याच पानावर कामाच्या रकान्यात 'हेल्पर' असे लिहिले होते; स्टोअरचाही पत्ता नव्हता आणि कीपरचाही. पगार महिना हजार दिरहॅम, म्हणजे तेवीस-चोवीस हजार रुपये. करार दोन वर्षांचा. मी पोराला म्हटले, "तू एवढी भाषा शिकलास, आता जरा गणित करू." वडिलांना गावात पैसा मिळणार होता शेकडा तीन दराने, म्हणजे दोन लाखांवर महिना सहा हजार व्याज. तिथे पोटाला चिमटा काढून पोराने महिना पंधरा हजार घरी धाडले, तर पहिल्या महिन्यात नऊ हजारच मुदलात पडणार. आम्ही कागदावर मांडत गेलो. कर्ज फिटायला सतरा-अठरा महिने लागतात. चोवीस महिन्यांच्या करारात पोरगा दीड वर्ष सावकारासाठी आणि सहा महिने स्वतःसाठी राबणार होता. तेही एक दिवस आजारी न पडता, एक पगार न चुकता. त्याची आई दारात उभी राहून हे सारे ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, "मंग ह्यो चाल्लाय कुनासाटी?"

त्या माउलीने चार शब्दांत जे विचारले, त्याच्या उत्तरासाठी जगात मोठमोठ्या परिषदा भरत असतात.

परदेशी जाणाऱ्या कामगारांच्या भरतीबाबत देशांनी आपसात करार करावेत, म्हणजे फसवणूक टळेल, ही कल्पना आजची आहे असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. १८३४ साली मॉरिशसला गिरमिटियांचे जहाज गेले आणि पुढे आपल्या मुंबई बंदरातूनही माणसे गेली. त्या बेटावर आजही गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते आणि शाळांतून मराठी शिकवतात, ती त्याच मंडळींची पुण्याई. मॉरिशस इंग्रजांचे होते; पण शेजारच्या रेयूनियाँ बेटावर फ्रेंचांचे राज्य. तिथल्या मळेवाल्यांनाही हिंदी मजूर हवे होते. म्हणून १८६०च्या जुलैमध्ये इंग्लंड आणि फ्रान्स या दोन सरकारांनी रीतसर करार केला. किती वर्षांचे बंधन, कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, परतीचे भाडे, इंग्रज वकिलाकडे दाद मागण्याची सोय, सगळे कलमवार लिहिलेले. आजच्या एखाद्या करारनाम्याशेजारी ठेवला तर तो फारसा ओशाळणार नाही. आणि तरी मजुरांच्या हालांच्या तक्रारी इतक्या साचल्या की १८८२मध्ये हिंदुस्थान सरकारलाच रेयूनियाँची भरती बंद करावी लागली. कलमे होती, पण ती मजुराच्या बाजूने अमलात आणणारे कोणी मळ्यावर नव्हते.

दुसरी गोष्ट नाताळची. १८९४ साली दरबानला गांधीजींच्या कचेरीत बालसुंदरम् नावाचा एक तमिळ गिरमिटिया रडत आला. मालकाने मारून त्याचे दात पाडले होते. साध्या नोकराने काम सोडले तर मालकाने फार तर दिवाणी दावा लावायचा. गिरमिटियाने सोडले तर तो फौजदारी गुन्हा, त्याला तुरुंग! गांधीजींनी मालकाला शिक्षा व्हावी म्हणून हट्ट धरला नाही. त्यांनी बालसुंदरम्‌चे गिरमिट दुसऱ्या मालकाच्या नावावर करून घेतले. मला या गोष्टीतले मर्म इथे दिसते. मार खाणाऱ्या माणसाला सर्वांत आधी हवा असतो तो तिथून निघून दुसरीकडे काम धरण्याचा मार्ग. तो मार्ग बंद असला की भला मालक मिळणे हे निव्वळ नशीब होऊन बसते.

या प्रथेवर घाव घालणाऱ्यांत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचे, पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकवणारे गोपाळ कृष्ण गोखले होते, याचा मास्तरकीत दिवस काढणाऱ्या मला जरा अधिकच अभिमान वाटतो. फेब्रुवारी १९१०मध्ये त्यांनी नाताळची भरती बंद करण्याचा ठराव मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला आणि तो मान्य झाला. मार्च १९१२मध्ये सगळ्याच वसाहतींची गिरमिट प्रथा बंद करा, असा ठराव त्यांनी आणला; तो सरकारी बहुमताने पडला. १९१७मध्ये ती भरती थांबली, पण ते पाहायला गोखले नव्हते. त्यांच्या म्हणण्याचा रोख असा होता की ज्याला आपण कशावर अंगठा देतो आहोत हेच ठाऊक नाही, त्याचा अंगठा म्हणजे संमती नव्हे.

आज अंगठा गेला, सही आली. माझा विद्यार्थी झोकदार सही करतो. पण 'हेल्पर'च्या रकान्याखाली ती सही त्याने केलीच असती, तर ती अंगठ्याहून कितीशी निराळी ठरली असती?

कायदा नाही असे मात्र कोणी म्हणू नये. १९८३चा 'एमिग्रेशन अ‍ॅक्ट' आहे. त्यातला 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' हा अधिकारी तर गिरमिटाच्या काळापासून चालत आलेला. नाव तेच, कचेरी मुंबईतही आहे. परवाना असलेल्या भरती करणाऱ्यालाच परदेशासाठी माणसे गोळा करता येतात आणि त्याने उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा तीस हजार रुपये, वर जीएसटी. दोन लाख नव्हे! परवाना खरा की खोटा, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट'वर घरबसल्या पाहता येते. आखातासारख्या ठरावीक देशांत जाणाऱ्या कमी शिकलेल्या कामगाराला दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा आहे, त्याचा हप्ता दोन वर्षांना तीनशे रुपयांच्या आत. हे सारे मी त्या संध्याकाळी पोराला दाखवले. आम्ही त्या कचेरीचे नाव शोधले. ते यादीत नव्हते. पोराने फोन करून परवान्याचा क्रमांक विचारला, पलीकडून उत्तर आले, "नवीन लायसन्स येतंय, तुम्ही बाकीचे पैसे तयार ठेवा." चार दिवसांनी फोन उचलणे बंद झाले. पंचवीस हजार गेले ते गेले. पोलिसांत अर्ज दिला आहे. पण रानाचा तुकडा राहिला.

आता प्रश्न असा, की मर्यादा तीस हजारांची असली तरी ती तरी कामगाराने का द्यावी? ज्याला माणूस हवा, त्याने माणूस शोधण्याचा खर्च करावा. कारखान्याला यंत्र हवे असेल तर यंत्राकडून कोणी भाडे घेत नाही! आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१६मध्ये न्याय्य भरतीची जी तत्त्वे ठरवली, त्यांतले एक ठळक तत्त्व हेच आहे: भरतीचा खर्च कामगाराच्या माथी मारायचा नाही. बोलायला सोपे. पण दोन देशांच्या करारात ते कलम बसले आणि पाळले गेले तर काय होते, हे पाहण्यासारखे आहे. केरळ सरकारच्या 'नोर्का रूट्स' या संस्थेने डिसेंबर २०२१मध्ये जर्मनीच्या सरकारी रोजगार खात्याशी करार केला. त्या योजनेत परिचारिकेकडून भरतीसाठी पैसा घेत नाहीत. जर्मन भाषेच्या शिक्षणाचा भार पलीकडचे रुग्णालय उचलते. दलालाला उभे राहायला जागाच उरत नाही. दक्षिण कोरियाने २००४पासून परदेशी कामगारांची भरती खासगी दलालांच्या हातून काढून सरकार-सरकारांमध्ये ठेवली. नेपाळसारख्या देशातली मुले त्यासाठी कोरियन भाषेच्या परीक्षेला प्रचंड गर्दी करतात. त्या पद्धतीतही मालक बदलण्यावर बंधने आहेत आणि त्यावरून तिथे वाद आहेतच. पण जमीन गहाण टाकून निघण्यापेक्षा पुस्तक उघडून निघणे केव्हाही बरे.

आपल्या राज्यानेही पाऊल टाकले आहे. डिसेंबर २०२२मध्ये भारत आणि जर्मनी यांच्यात ये-जा आणि स्थलांतराचा करार झाला. त्यापाठोपाठ फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण, आणि त्यांना जर्मन शिकवण्याचा खर्च शासनाचा. परिचारिका, वीजतंत्री, नळकाम करणारे, चालक, हॉटेलातले कामगार अशी ती यादी. जपानशी जानेवारी २०२१मध्ये 'विशिष्ट कुशल कामगारां'चा करार झाला. ऑगस्ट २०२५मध्ये तर पाच वर्षांत पन्नास हजार कुशल भारतीय जपानला जावेत असे दोन्ही पंतप्रधानांच्या भेटीत ठरले.

जपानचे नाव निघाले की तळेगावकराला एक जुनी आठवण येते. लोकांकडून वर्षाला एकेक पैसा गोळा करून अंताजी दामोदर काळ्यांनी पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८मध्ये इथे काच कारखाना निघाला. त्याची घडी बसवायला आले ते ईश्वरदास वार्ष्णेय, जपानात जाऊन काचविद्या शिकलेले. म्हणजे परदेशी जाणे हे या गावाला कधी पाप वाटले नाही. माणूस कर्ज घेऊन जातो की कसब आणायला जातो, आणि परतताना त्याच्या हातात काय असते, एवढाच भेद आहे.

जपानने आणखीही एक गोष्ट शिकवली. १९९३पासून त्या देशात परदेशी 'प्रशिक्षणार्थी' घेण्याची योजना होती. नाव प्रशिक्षणाचे, काम मजुरीचे, आणि मालक बदलायची मुभा नाही. पोरे कर्ज काढून गेलेली. सहन न झाले की पळून जात आणि बेकायदा ठरत. अखेर २०२४मध्ये जपानने कायदा करून ती योजना मोडीत काढण्याचे ठरवले आणि २०२७पासून येणाऱ्या नव्या पद्धतीत ठरावीक काळानंतर मालक बदलण्याची वाट ठेवली. कतारनेही २०२०मध्ये नोकरी बदलायला जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली. बालसुंदरम्‌ला जे १८९४मध्ये एका बॅरिस्टराच्या खटपटीने मिळाले, ते कामगारांना कायद्याने मिळायला एवढा काळ लागला.

आणि भाषा? संयुक्त अरब अमिरातीने २०१६पासून नियम केला की नोकरीचा देकार अरबी, इंग्रजी आणि कामगाराला समजेल अशा तिसऱ्या भाषेत द्यावा. नियम सोन्यासारखा. त्या भाषांच्या यादीत हिंदी, उर्दू, बंगाली, तमिळ, मलयाळम होत्या; मराठी नव्हती. रत्नागिरी-रायगडच्या किती घरांच्या चुली आखाताच्या पैशावर पेटतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे खटकल्याशिवाय राहणार नाही. अभिजात भाषेचा दर्जा मराठीला ऑक्टोबर २०२४मध्ये मिळाला, आम्ही पेढे वाटले. आता पगाराच्या कागदावरही तिला जागा मिळाली, तर मी दुप्पट पेढे वाटीन.

एवढे लिहून होईपर्यंत वाचकांना वाटेल, की सारा दोष पलीकडच्यांचा आणि दलालांचा. म्हणून आता थोडे घराजवळ पाहू.

आपल्या मराठवाड्यातला ऊसतोड कामगार परदेशी जात नाही, कारखान्याच्या फडात जातो. त्याला मुकादम आधी 'उचल' देतो आणि नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसांची मोजदाद एका हत्याराने! परदेशी जाणारा दलालाला पैसे देऊन बांधला जातो, ऊसतोड्या मुकादमाकडून पैसे घेऊन बांधला जातो. पैसे जाण्याची दिशा उलटी, पण गाठ तीच, कर्जाची. फेडल्याखेरीज निघता येत नाही आणि राबून ते लवकर फिटत नाही. म्हणून मला वाटते, कोणताही करार, दोन देशांचा असो की मुकादमाच्या वहीतला, पहिल्यांदा एकाच ठिकाणी बोट ठेवून वाचावा: हा माणूस कामाला लागायच्या आधीच कोणाचा तरी देणेकरी होतो आहे का?

आणि हेच बोट मग तळेगावात वळते. आमच्या वसाहतीतल्या कारखान्यांत बिहार, झारखंड, ओडिशा, उत्तर प्रदेशची मुले काम करतात. माझ्याच गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या खोल्यांची चाळ आहे. एका खोलीत आठ-आठ जण, पाळीपाळीने झोपणारे. रात्रपाळीचा उठतो त्या जागी दिवसपाळीचा निजतो. एकदा त्यांच्यातल्या एकाला विचारले, तुला इथे कोणी आणले? म्हणाला, गावच्या ठेकेदाराने. पहिल्या दोन पगारांतून त्याचे पैसे कापून जातात. आम्ही तळेगावकर त्यांना खोल्या भाड्याने देतो, माणशी भाडे घेतो, आणि 'गाव बिघडले' म्हणून तळ्याकाठी कुरकुरतो. आपल्या पोराला दुबईत आठ जणांच्या खोलीत निजावे लागते म्हणून हळहळणारा बाप आणि इथल्या आठ जणांच्या खोलीचा घरमालक, हे दोघे कित्येकदा एकच असतात.

यांच्यासाठीही कायदा होता. ओडिशातल्या 'दादन' मजुरांच्या हालांवरून १९७९मध्ये आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. त्यात येण्याजाण्याचे भाडे होते, घर सोडल्याबद्दल पगाराच्या निम्म्याइतका विस्थापन भत्ता होता आणि प्रत्येकाला पासबुक, तेही त्याच्या भाषेत, द्यायचे होते. पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ हा कायदा पुस्तकात होता. एप्रिल-मे २०२०मध्ये टाळेबंदीत जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने डोक्यावर बोचकी घेऊन चाललेल्या रांगा आम्ही पाहिल्या, तेव्हा त्यांतल्या कोणाच्या हाती ते पासबुक मला दिसले नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये नवीन श्रमसंहिता लागू झाल्या आणि जुना कायदा त्यांत विलीन झाला. प्रवासभत्ता राहिला, विस्थापन भत्ता गळाला. आपण बाडेन-वुर्टेम्बर्गकडे जे मागतो, ते बेगुसरायच्या मुलाला नवलाख उंबऱ्यात देतो का, हा प्रश्न जर्मन माणसाने विचारण्याआधी आपणच विचारलेला बरा. दुसऱ्याच्या दारात ताठ मानेने न्याय मागायचा, तर आपल्या ओसरीवरचा हिशेब चोख पाहिजे.

परिषदांना द्यायला माझ्याजवळ उपदेश नाही. पण कागद घेऊन येणाऱ्या पोरांसाठी मी आता पाच प्रश्न एका चिठ्ठीवर लिहून ठेवले आहेत. ते इथेही सांगतो. वाचकांपैकी कोणाच्या भाच्या-पुतण्याला उपयोगी पडले तर या लेखाचे चीज झाले. नोकरी देणारा तुझा खर्च करतो, की तू त्याचा करतोस? तोंडी सांगितलेले काम आणि लिहिलेले काम एकच आहे का? कागदाची प्रत तुला कळेल अशा भाषेत, निघायच्या आधी, तुझ्या हातात आहे का? पासपोर्ट तिथे कोणाजवळ राहील? आणि मालकाशी पटले नाही, तर दुसरीकडे जायची वाट कोणती आणि दाद कोणाकडे मागायची? पाचांपैकी एकाचेही उत्तर 'नंतर सांगतो' असे आले, तर पैसे नंतरही देऊ नयेत.

माझा तो विद्यार्थी सध्या चाकणला ठेक्यावर आहे आणि संध्याकाळी जपानी शिकतो. पहिली परीक्षा झाली, दुसरीची तयारी चालू आहे. जाणे होईल की नाही, त्यालाही ठाऊक नाही, मलाही नाही. परवा भेटला तेव्हा त्याने एक गंमत सांगितली. त्याच्या यंत्रावर एक ओडिशाचा मुलगा नव्याने आला आहे. ठेकेदाराने त्याच्यापुढे सहीसाठी इंग्रजी-मराठी कागद ठेवला आणि तो बावरला. याने कागद घेतला, सावकाश वाचून त्याला मोडक्यातोडक्या हिंदीत सगळा समजावून दिला, आणि कामाचे तास बारा लिहिले होते तिथे बोट ठेवून ठेकेदाराला विचारले, "हे आठ करून देता का? मग तो सही करेल."

"मग? दिले का करून?" मी विचारले.

"अजून नाही, सर," तो म्हणाला, "पण त्याने अजून सहीही केलेली नाही."